मंगळवार की बुधवार? पुण्यातल्या एका चौकशीची पूर्ण हकीकत

मी गेली काही वर्षं दोन-तीन संस्थांच्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणून काम करते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही समिती लागते, अध्यक्ष बाईच असावी लागते, निदान निम्म्या सदस्य बाया, आणि एक माणूस त्या संस्थेबाहेरचा. ती बाहेरची म्हणजे मी. कलम १६ प्रमाणे चौकशीतलं काहीही बाहेर सांगता येत नाही, पण ओळख पटणार नाही अशा रीतीने न्याय मिळाल्याची माहिती देता येते, तेवढी सूट त्याच कलमात आहे. म्हणून इथे नावं नाहीत, संस्था नाही, वर्ष नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. पुरावा कसा तोलला तेवढं मात्र जसंच्या तसं सांगतेय, कारण लिहायचं कारणच ते आहे.

संस्था डेक्कनच्या बाजूची, जुनी, नाव असलेली. तिथले एक सर. सरांचं वजन काय ते पुण्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, वाढदिवसाला आमदार, सत्काराला मंत्री, तीन पतसंस्थांवर, दोन ट्रस्टवर, कुणाच्या मुलाची अ‍ॅडमिशन अडली की फोन सरांना. आणि कामही खरंच केलेलं माणसाने, ते मी नाकारत नाही, गावाकडून आलेल्या कितीतरी पोरांच्या फिया त्यांनी स्वतःच्या खिशातून भरल्यात. तक्रार करणारी मुलगी सव्वीस-सत्तावीसची, साताऱ्याकडची, ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर, दर अकरा महिन्यांनी सही करून पुढे चालू. तिची तक्रार अशी की ऑगस्टमध्ये एका मंगळवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर सरांनी फाइल घेऊन केबिनमध्ये बोलावलं, आतून कडी लावली आणि अंगाला हात घातला, ती ढकलून बाहेर पळाली. बाहेर नदीपात्रातून ढोल-ताशाच्या सरावाचा आवाज येत होता त्यामुळे ओरडले असते तरी कुणाला ऐकू गेलं नसतं असं तिने लिहिलेलं. तक्रार आली अकरा आठवड्यांनी. कायद्यात मुदत तीन महिन्यांची, कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवता येते, म्हणजे मुदतीत होती.

पहिल्या बैठकीतच काय घडलं ते सांगते. सर आत आले आणि समितीतले तिघं उठून उभे राहिले. सवयीनं. अध्यक्ष मॅडमना नोकरीला लावलेलं सरांनीच, वीस वर्षांपूर्वी, त्यांचा हात आपोआप खुर्चीकडे गेला, बसा सर. आदल्या दिवशी ती मुलगी आली होती तेव्हा तिला कुणी बसाही म्हणालं नव्हतं, मी म्हटल्यावर ती बसली. मी त्याच दिवशी रोजनाम्यात लिहून घेतलं की दोघांनाही सारखी खुर्ची, सारखा वेळ, सारखं पाणी. एवढ्याशा गोष्टीने काय होतं असं वाटेल, पण समोरच्याचं म्हणणं ऐकायच्या आधीच आपलं शरीर कुणाच्या बाजूला झुकतं ते तिथे दिसतं आणि एकदा दिसलं की निदान त्याचा बंदोबस्त करता येतो.

मग सरांचं उत्तर आलं. त्यात चार गोष्टी होत्या.

पहिली म्हणजे तेवीस पत्रं. संस्थेतल्या बायकांची, माजी विद्यार्थिनींची, सर आम्हाला वडिलांसारखे वगैरे. ही सगळी मी एका बैठकीला वाचून काढली. तेवीसपैकी सतरा पत्रांत ‘पितृतुल्य’ हा शब्द होता आणि त्या सतराही ठिकाणी तो ‘पितृतूल्य’ असा, दीर्घ तू लावून, चुकीचा लिहिलेला. एकाच कॉम्प्युटरवर टाइप झालेली पत्रं. तरीही मी म्हणेन की बाकीची सहा हाताने लिहिलेली पत्रं अगदी मनापासूनची होती, आणि ती खरीच असणार. पण ती काय सांगतात? सर माझ्याशी चांगले वागले. बंद केबिनमध्ये दुसऱ्या कुणाशी काय झालं त्याबद्दल त्यात काही नाही, असूच शकत नाही. पुन्हा लिहिणाऱ्या बायका कोण? बहुतेक पर्मनंट, चाळिशीच्या पुढच्या, घरचे लोक ओळखीचे. असलं काही करणारा माणूस आधी ज्यांच्या पाठीशी कुणी आहे त्यांना वगळतो. म्हणून पत्रांना वजन द्यायचं ते कमी, पण फेकूनही द्यायची नाहीत, आम्ही तसं कारणासकट नोंदवलं.

दुसरी गोष्ट दिवाळी. घटनेनंतर दोन महिन्यांनी तिने सरांना शुभ दीपावलीचा मेसेज पाठवलेला, हात जोडून, तिचा स्क्रीनशॉट त्यांनी जोडला. जिच्यावर असा प्रसंग आला ती शुभेच्छा देईल का? ऐकायला फार पटतं हे. आम्ही तिचा फोन समोर ठेवून बघितला तर तो मेसेज ब्रॉडकास्टने एका झटक्यात एकेचाळीस जणांना गेलेला, त्यात दूधवालाही होता. आणि समजा एकट्या सरांना पाठवला असता तरी काय, डिसेंबरात तिचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं आणि त्यावर सही करणारे सरच. पगार ज्याच्या हातात त्याला बाई नमस्कार करते, त्याचा अर्थ काही घडलं नाही असा काढता येत नाही. आपल्याकडे गुन्हे नोंदणीचे जे सरकारी आकडे दरवर्षी निघतात त्यात बलात्काराच्या ९० टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. ओळखीचा म्हणजे पुढेही समोर येणारा, ज्याच्याशी बोलावंच लागतं असा.

तिसरी गोष्ट हेतू. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पर्मनंट करायच्या लोकांची यादी लागली, तिचं नाव नव्हतं, आणि तीनच दिवसांत तक्रार. हे वजनदार होतं, मी खोटं बोलणार नाही, हे वाचून मीही थांबले. पर्मनंट केलं नाही म्हणून सूड, ही शक्यता हसण्यावारी न्यायची नसते.

आणि चौथी गोष्ट म्हणजे मंगळवार. त्या मंगळवारी सर पुण्यातच नव्हते. दादरला एका कार्यक्रमात होते, मंत्र्यांच्या शेजारच्या खुर्चीत, फोटो, पेपरातली बातमी, एक्सप्रेसवेच्या टोलचे जातायेतानाचे मेसेज, परतीचा रात्री साडेअकराचा. पक्कं. अध्यक्ष मॅडमनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, झालं की मग. कुणी काही बोललं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही हे खरं आहे, कारण माझाही तिच्यावरचा विश्वास हलला होता, आणि विश्वास का हलला हे मला नीट उलगडत नव्हतं.

उलगडायला जुनी गोष्ट कामाला आली. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं, कारण काय तर अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत. त्यावर १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार. त्या पत्रातून जे उठलं त्याने १९८३ मध्ये कायदा बदलला. पत्राचा मुद्दा साधा होता, की पोलीस ठाण्यात, गणवेशासमोर, एका गरीब पोरीने प्रतिकार केला नाही याला संमती कसं म्हणता? म्हणजे बाईचं वागणं मोजताना तिच्यासमोर कोण उभा होता ते वजा करून मोजता येत नाही. सत्तेचा धाक हाही पुराव्यातच धरायचा. एवढी वर्षं झाली तरी स्वारगेटच्या एसटी बसमधल्या २०२५ च्या त्या बलात्काराच्या घटनेनंतर पहिला प्रश्न लोकांनी काय विचारला आठवा. ती ओरडली का नाही.

तर मी उलटं विचारून बघितलं. ही तक्रार खरी असेल तर आपल्यासमोर काय काय दिसायला हवं आणि खोटी असेल तर काय? रचलेली तक्रार असेल तर तारीख पक्की असते. जिला सरांना अडकवायचंय ती आधी सर त्या दिवशी कुठे होते ते बघेल, आणि त्या कार्यक्रमाचं पत्रक तर तिनेच टाइप केलेलं होतं! तिला माहीत होतं सर दादरला जाणार ते. तरी तिने मंगळवार लिहिला. खोटं बोलणारा इतकं अंगाशी येणारं खोटं बोलेल का? दुसऱ्या बाजूने, अकरा आठवड्यांनी आठवून लिहिणाऱ्या माणसाचा वार चुकणं अगदी रोजचं आहे, तुम्ही आत्ता अकरा आठवड्यांपूर्वीची एखादी गोष्ट आठवा आणि वार सांगा. घाबरलेल्या माणसाला कडीचा आवाज लक्षात राहतो, हाताची पकड लक्षात राहते, वार राहत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या गुरमित सिंग खटल्यात हेच सांगितलंय, किरकोळ विसंगतींमुळे मुळातली भरवशाची साक्ष फेकून देऊ नका. पण याची दुसरी बाजूही त्याच कोर्टाने २००८ मध्ये राजू विरुद्ध मध्य प्रदेश मध्ये सांगितली आहे, की खोट्या आरोपाने आरोपीलाही तितकाच त्रास आणि नामुष्की सोसावी लागते, म्हणून बाई म्हणते ते डोळे झाकून धरायचं असंही नाही. मी ही दोन्ही वाक्यं वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवलीत.

मग तिला परत बोलावलं. वार चुकला असेल का असं विचारायचं नाही हे मी ठरवलेलं, कारण मग उत्तर आपणच तोंडात दिल्यासारखं होतं. मी एवढंच विचारलं की त्या रात्री घरी गेल्यावर कुणाशी बोललीस का. ती म्हणाली, ताईला मेसेज केला होता पण मी नंतर पुसून टाकला. ताई म्हणजे साताऱ्यातली चुलत बहीण. बहिणीने पुसला नव्हता. तिला फोन घेऊन बोलावलं, स्क्रीनशॉट नको, फोनच आण म्हटलं. रात्री ९.१२, बुधवार. ‘ताई मी उद्यापासून नाही जाणार तिकडे. कारण विचारू नको. आईला सांगू नको.’ आणि बहिणीचे सात मिस्ड कॉल. वार बुधवार निघाला.

या मेसेजने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे सूडाची गोष्ट कोसळली, कारण यादी लागली नोव्हेंबरात आणि मेसेज ऑगस्टचा, म्हणजे कारणाच्या अडीच महिने आधी परिणाम. हेतूचा आरोप झाला की मी आता नेहमी हेच बघते, हेतू जन्माला यायच्या आधीचं काही आहे का. दुसरं म्हणजे आता आरोपच बदलला होता, आणि म्हणून सरांना नवीन वेळ देणं भाग होतं. मी हट्टाने ते करायला लावलं. बुधवारचं लेखी कळवून दहा दिवस दिले. ज्याच्यावर आरोप आहे त्याला नेमकं काय उत्तर द्यायचंय तेच माहीत नसेल तर ती चौकशी कसली? सरांनी लिहिलं की बुधवारी मी पाचलाच निघालो, घरी होतो.

सीसीटीव्ही नव्हता. म्हणजे कॅमेरे होते पण तीस दिवसांनी वरून नवीन रेकॉर्डिंग होतं, हे बहुतेक ऑफिसांत असंच असतं, ते आम्ही सरांच्या विरोधात धरलं नाही. गेटचं रजिस्टर मात्र वेगळी गोष्ट. जुलैचं होतं, सप्टेंबरचं होतं, ऑगस्टचं नव्हतं. क्लार्क म्हणाला ऑडिटला गेलं. ऑडिटवाल्यांना विचारलं तर त्यांनी गेटचं रजिस्टर कधी मागितलंच नव्हतं. वजनदार माणसाच्या प्रकरणात पुरावा कमी असतो याचं कारण पुष्कळदा हे असतं, किल्ल्या त्याच्याकडे असतात. आणि मग आपणच म्हणतो पुरावा कुठाय. पण रजिस्टर सरांनीच गायब केलं असं सिद्ध होत नव्हतं, म्हणून आम्ही एवढंच लिहिलं की रजिस्टर नसण्याचा फायदा सरांना मिळणार नाही आणि तोटाही होणार नाही.

वॉचमन काका ठेकेदाराकडून आलेले. तक्रार झाली त्याच आठवड्यात त्यांची ड्युटी चाकणला एका गोडाऊनवर लावली गेली. समितीला साक्षीदार बोलावताना दिवाणी कोर्टाचे अधिकार असतात, ठेकेदाराला पत्र गेलं, काका आले. साठीच्या जवळचे, टोपी हातात. आधी म्हणाले मला काय आठवत नाही मॅडम, रोज किती लोक जातात येतात. मी विचारलं गाड्यांच्या वेळा कुठे लिहिता का. त्यांनी शर्टाच्या खिशातून एका पतसंस्थेची छोटी डायरी काढली. कधीतरी आवारातल्या गाडीची बॅटरी चोरीला गेली तेव्हा यांच्यावर आळ आला होता, तेव्हापासून हा माणूस स्वतःसाठी रोज लिहून ठेवतो कोण कधी गेलं. त्या बुधवारच्या पानावर वाकड्या अक्षरात, बॉलपेनने, ‘सर गाडी ८.४०’. त्याच्या वरच्या ओळीत ‘ऑफिस म्याडम ८.१० पायी’.

मी विचारलं, पायी असं वेगळं का लिहिलं काका? ते बराच वेळ डायरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, रोज त्या पोरीची रिक्षा मीच थांबवून देतो, त्या दिवशी थांबली नाही. पाऊस पडून गेलेला, सगळा चिखल, आणि पोरीच्या चप्पला हातात होत्या. मी म्हटलं पोरी तुटली का चप्पल, तर काय बोलली नाही. तशीच अनवाणी गेली रोडनं.

तिच्या तक्रारीत चपलेचा उल्लेख कुठेच नव्हता. आम्ही तिला काकांचं म्हणणं न सांगता विचारलं की बाहेर कशी पडलीस, जसं आठवेल तसं सांग. ती सांगत गेली, जिना, लाइट गेलेला पॅसेज, आणि मग थांबून म्हणाली, केबिनबाहेर चपला काढलेल्या, सरांच्या केबिनमध्ये सगळेच काढून जातात, गालिचा आहे, त्या उचलून पळाले, घातल्या नाहीत. मग तिला रडू आलं. त्या दिवशी आम्ही बैठक तिथेच थांबवली.

आता याच प्रकरणातला दुसरा आरोपही सांगायला हवा, नाहीतर हकीकत अर्धी राहील. चौकशी चालू असताना स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निनावी मेसेज फिरला, सरांनी पूर्वी आणखी दोघींशी असंच केलं, एकीचं तर जवळपास नावच दिलेलं. सगळ्यांनी लगेच मानलं, आता काय आग असल्याशिवाय धूर निघतो का. आम्ही त्या बाईंना गुपचूप गाठलं, आता त्या कोथरूडला राहतात. त्या थरथरत होत्या रागाने. असं काहीही झालं नाही, माझं नाव यात कुणी घातलं ते मला सांगा, माझ्या सासरी हा मेसेज पोचलाय. दुसरी कोण ते तर कुणालाच सांगता येईना. पुढे कळलं की मेसेजमागे संस्थेतलाच दुसरा गट होता, त्यांनाही ट्रस्टची निवडणूक लढवायची होती आणि त्यांच्यामागेही एक वजनदार माणूस उभा होताच. तो आरोप आम्ही पूर्ण बाजूला काढला, अहवालात स्पष्ट लिहिलं की त्याला काहीही आधार नाही आणि निष्कर्षासाठी तो विचारात घेतलेला नाही. त्या मुलीला मात्र त्या मेसेजचा फार ताप झाला, लोक म्हणायला लागले की हे सगळंच त्या गटाचं राजकारण. तिचा त्या गटाशी एक फोनसुद्धा झालेला नव्हता.

फोनवरून आठवलं. मला या काळात अकरा फोन आले. एक नगरसेवकांचा, ताई जरा सांभाळून घ्या, घरचं प्रकरण आहे. एक माझ्या मावसभावाचा, त्याच्या मुलीची नोकरी कुठे आहे त्याची आठवण करून देणारा. मी प्रत्येक फोन तारीख-वेळेसकट रोजनाम्यात लिहिला आणि दोन्ही पक्षांना त्याची प्रत दिली. चौथ्या नोंदीनंतर फोन कमी झाले. आणि एक निरोप तिच्याकडेही गेला, मिटवून टाक, पर्मनंट करून घेतो. कायद्यात समेट आहे, पण तो तिने स्वतः मागितला तरच, आणि पैशांवर तर करताच येत नाही. तिने नको म्हटलं. निरोप सरांनीच पाठवला याला पुरावा नव्हता म्हणून तो त्यांच्या विरोधात धरला नाही, पण नोकरीसाठी कुभांड रचलं असा ज्यांचा दावा होता त्यांना एवढंच विचारलं की हवी होती ती नोकरी घरी चालून आली तेव्हा तिने ती का नाकारली.

एक चूक आमची झाली. तात्पुरती सोय म्हणून आम्ही तिची बदली दुसऱ्या शाखेत केली, कात्रजकडे, तिला रोज दोन बस बदलाव्या लागायच्या. सरांना रजेवर पाठवायला हवं होतं. तेव्हा समितीत तेवढी हिंमत जमली नाही, माझ्यातही नाही, आणि पन्नास दिवस शिक्षा भोगल्यासारखी ती त्या बसने जात राहिली.

निष्कर्षाला बसलो तेव्हा अध्यक्ष मॅडमचा प्रश्न होता की शंभर टक्के खात्री कुठे आहे. तशी ती लागत नाही. फौजदारी कोर्टात वाजवी शंका उरता कामा नये, इथे शक्यता कुणाच्या बाजूला जास्त झुकते ते बघायचं असतं. मी कागदावर मांडलं. तिचं मूळ म्हणणं पहिल्या दिवसापासून तेच, वार सोडून. बहिणीचा मेसेज त्याच रात्रीचा. काकांची डायरी, जी कुणाच्याही फायद्यासाठी लिहिलेली नाही. चपला, ज्या दोघांनी वेगवेगळ्या सांगितल्या. आणि सरांचं पाच वाजताचं म्हणणं डायरीने खोटं पाडलेलं, तेही नेमकं जिथे खोटं बोलायचं कारण होतं तिथे. दुसऱ्या बाजूला पत्रं आणि नाव. चारपैकी तिघांनी आरोप सिद्ध धरला, एका सदस्याने वेगळं मत लिहिलं, तो त्याचा हक्क आहे आणि त्याची कारणं मी प्रामाणिक मानते. मॅडमनी सही केली, मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या, म्हणाल्या, माझ्या लग्नात अक्षता टाकायला आले होते हो ते.

अहवाल नव्वद दिवसांत पूर्ण झाला. संस्थेला शिफारशीवर साठ दिवसांत कृती करायची असते, अठ्ठावन्नाव्या दिवशी सरांनी तब्येतीच्या कारणावरून राजीनामा दिला आणि निरोप समारंभ झाला, शाल श्रीफळ सगळं. मी गेले नाही. त्या मुलीने पोलिसांत फिर्याद दिली, आम्ही त्यासाठी लागेल ती मदत केली, कायद्याने ते संस्थेवर बंधनकारकच आहे. नवीन न्याय संहितेचं विनयभंगाचं कलम ७४ लागलं, एक ते पाच वर्षांची शिक्षा आहे. आरोपपत्र गेलं, खटला शिवाजीनगरला चालू आहे, तारखा पडतायत. तिथे मापदंड कडक आहे आणि असायलाच हवा, निकाल काय लागेल मला माहीत नाही. ती आता साताऱ्यात बहिणीकडे राहते, तिथल्याच एका शाळेत ऑफिसला लागलीय.

मागच्या महिन्यात वॉचमन काकांचा फोन आला. मॅडम, समन्स आलंय मला, चाकणवरून कसं यायचं. मी बस सांगितली, शिवाजीनगरला उतरा, तिथून चालत जा, मी गेटवर थांबते. म्हणाले, डायरी तुमच्याकडे जमा आहे का कोर्टात? म्हटलं कोर्टात आहे काका. थोडं थांबून म्हणाले, बरं. मग मी नवीन घेतलीय ती आणतो नुसती, सवय झालीय खिशाला.